केशरबाईंचे राहिलेले बोलणे

भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या पलीकडे वसलेल्या कारधा गावात केशरबाई लग्न होऊन आल्या, त्या दिवसापासून त्या आपल्या भासऱ्याशी, म्हणजे पतीच्या थोरल्या बंधूंशी, एक अक्षरही बोललेल्या नव्हत्या. दोघांत वैर होते असे कोणी समजू नये. ती रीत होती. भासरा ओसरीवर आला की धाकट्या भावाच्या बायकोने पदर पुढे ओढून आत जावे, त्याच्यासमोर बाजेवर बसू नये, त्याची सावली ओलांडू नये, चुकून स्पर्श झालाच तर अंगावर पाणी घ्यावे, आणि बोलण्याचा तर प्रश्नच नाही. भासरे तुलारामजी हेही या रीतीचे काटेकोर पालन करणारे होते. घरात शिरण्यापूर्वी ते अंगणातच मोठ्याने खाकरत, आणि आतल्या बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघराकडे सरकला की मगच उंबऱ्यात पाऊल टाकत.

अर्थात एका घरात राहून दोन माणसांना एकमेकांना काही सांगावे लागतेच. ते काम तुलारामजींच्या पत्नी चंद्रभागाबाई करीत. "सांगा जी त्यायले, पान वाढलं," असे केशरबाई जावेला म्हणत, आणि तीन हातांवर बसलेल्या तुलारामजींना ते स्वच्छ ऐकू आलेले असूनही चंद्रभागाबाईंनी पुन्हा सांगितल्याशिवाय ते उठत नसत. चंद्रभागाबाई घरी नसल्या की केशरबाई भिंतीला सांगत आणि तुलारामजी बैलाला. "बैला, आज बांधावर जेवण धाडतीन का रे घरचे?" असा प्रश्न गोठ्यातून आला की स्वयंपाकघरातली भिंत ऐके, "भिंते, धाडतो म्हनावं. वांग्याची भाजी आहे." शेजारपाजारच्या बायका यावरून त्यांची थट्टा करीत. पण त्यांच्याही घरी हेच चालत असे.

केशरबाईंचे पती ईश्वर हे लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत तापाने गेले. पदरी सुमन नावाची वर्षाची मुलगी होती आणि केशरबाईंचे वय विशीच्या जरा पुढे. साकोलीकडून त्यांचे भाऊ बैलगाडी घेऊन आले. बहिणीला घेऊन जावे, पुढेमागे तिचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लावून द्यावा, मुलगी बापाच्या घरी राहू द्यावी, असा त्यांचा विचार होता. ओसरीवर मंडळी बसली. सर्वांचे बोलून झाल्यावर तुलारामजींनी आपल्या पत्नीला आत पाठवले आणि केशरबाईंना काय हवे ते विचारून घेतले. उत्तर आले, "मी पोरीपाशी राहतो." त्यावर तुलारामजी पाहुण्यांना म्हणाले, "झालं मंग. जेवण करा न गाडी जुंपा." पुन्हा म्हणून तो विषय त्या घरात निघाला नाही.

पुढे सुमन गावातल्या शाळेत चौथी उत्तीर्ण झाली. पुढची शाळा भंडाऱ्याला, नदीपलीकडे. एकट्या मुलीने रोज पूल ओलांडून जाणे गावाला पसंत नव्हते आणि मुलीने इतके शिकणे त्याहून पसंत नव्हते. तुलारामजींनी जुनी सायकल दुरुस्त करून घेतली, पुतणीला मागे बसवले आणि मॅट्रिक होईपर्यंत तिला रोज शाळेत पोचवले आणि रोज परत आणले. धान कापणीला आलेले असो की मळणी सुरू असो, सायकल चुकली नाही. पारावर कोणी टोमणा मारलाच, "तुलाराम, पोरीले कलेक्टर करतेस का गा?" तर ते सायकलवरूनच म्हणत, "करतो. तुह्या सातबाऱ्यावर तिचीच सही घेजो."

सुमन कलेक्टर झाली नाही, पण शिक्षिका झाली आणि साकोलीला नोकरीस लागली. पहिल्या दिवशी ती इस्तरीची साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून अंगणात उभी राहिली, तेव्हा केशरबाईंच्या मनात जे भरून आले ते भिंतीला सांगण्यासारखे नव्हते. त्यांनी ते जावेला सांगितले. "त्यायले सांगा जी, त्यायच्यामुळं माह्या पोरीचा जन्म मार्गी लागला. मी त्यायचे उपकार..." चंद्रभागाबाईंनी त्यांना मधेच थांबवले.

"अवो, पान वाढलं न बैल सुटला, हे मी सांगतो. हे नाई सांगत. हे तूच सांगजो कदी."

"मी कशी सांगू, बाई?"

"मले काय मालूम? पन माह्या तोंडातून गेलं तं ते उष्टं होऊन जाईन."

असे म्हणून चंद्रभागाबाई हसत हसत कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या. पुढे त्या वर्षभर अंथरुणाला खिळल्या आणि ऐंशी सालच्या उन्हाळ्यात वारल्या. घरात निरोप नेणारे कोणी उरले नाही. तुलारामजींचा मुलगा भिलाईच्या कारखान्यात होता. त्याने वडिलांना माघ महिन्यात कायमचे भिलाईला नेण्याचे ठरवले. सुमननेही आईला साकोलीला न्यायचे ठरवले. शेती बटईने द्यायची ठरली. एका घरात राहून जे सांगता आले नाही ते दोन गावांत राहून कसे सांगायचे, हा घोर केशरबाईंना लागला. निरोपादाखल तुलारामजी खाकरतील, आपण पदर ओढू आणि एस.टी. निघून जाईल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते.

अशात सुमन एका रविवारी घरी आली ती सहलीची बातमी घेऊन. भंडाऱ्याचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक वासुदेवराव हे दर हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपली की, एक बस ठरवून शेतकरी मंडळींना आठवडाभर देशातील ऐतिहासिक स्थळे दाखवून आणीत. प्रत्येक ठिकाणी ते स्वतः माहिती सांगत. त्या वर्षी अजिंठा, वेरूळ, देवगिरी, तुळजापूर आणि विजापूर असा कार्यक्रम होता.

"आई, तुहं नाव टाकलं मी," सुमन म्हणाली. तुलारामजींना ती मोठे बाबूजी म्हणे. "मोठ्या बाबूजीचंबी टाकलं."

"ते येऊन राहिले? मंग मी कायले जाऊ?"

"काहून? ते काय तुले खाऊन टाकतीन?"

"अवो, एका मोटारीत आठ दिवस! पदर ओढून ओढून मान मोडन माही. लेणी कोन पायन?"

"तू म्होरं बस, ते मांगं बसतीन. जन्मभर भंडाऱ्यापलीकडं गेली नाईस तू. जाय मुकाट्यानं."

ओसरीवर बसलेले तुलारामजी तेव्हा दावणीच्या बैलाला म्हणाले, "बैला, पोरगी बरोबर बोलून राहिली." म्हणून केशरबाईंनी मुकाट्याने होकार दिला. मनात मात्र त्यांनी एक ठरवले. जे सांगायचे आहे ते या सहलीतच सांगायचे. कसे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत, संक्रांत आटोपल्यावर, बस निघाली. टपावर तांदळाची पोती, मोठी पातेली आणि लाकडे होती, कारण तिकडे केवळ भाकरी मिळते आणि भात मिळत नाही या वार्तेने मंडळी हादरलेली होती. वासुदेवराव चालकाशेजारी उभे राहिले. गळ्यात शिटी, हातात पत्र्याचा कर्णा, अंगात बंद गळ्याचा कोट. "मंडळी," ते कर्ण्यातून म्हणाले, "इतिहास हा वेळेवर येणाऱ्यांसाठी असतो. शिटी वाजली की बसमध्ये. ज्यांना शिटी ऐकू येणार नाही, त्यांनी ज्यांना येते त्यांच्याजवळ राहावे."

केशरबाईंच्या शेजारी पवनीच्या गोदावरीबाई आल्या. त्यांच्या यजमानांचे, कृष्णरावांचे, पवनीला किराणा दुकान होते. यजमान अंगाने जितके भरलेले तितकेच मितभाषी. त्यांच्या वाट्याचे बोलणे गोदावरीबाई करीत. अजिंठ्याला वासुदेवराव तन्मय होऊन सांगत होते, "या भिंतींवरचे रंग शतकानुशतके टिकून आहेत." त्यावर गोदावरीबाई मोठ्याने म्हणाल्या, "आमच्या दुकानाले दर दिवाळीले रंग देतो, होळीले उडून जाते. कोणता रंग होय म्हना गुरुजी हा?" वासुदेवरावांनी चष्मा काढून पुसला आणि मग मात्र त्या रंगासाठी दगडमाती कशी वाटली जाई, भिंतीला लेप कसा देत, हे असे रंगवून सांगितले की कृष्णरावही पुढे सरकून ऐकू लागले. केशरबाई त्या मंद उजेडात चित्रे पाहत राहिल्या. कमळ धरून उभ्या असलेल्या त्या शांत चेहऱ्यासमोर त्यांनी हात जोडले आणि पहिल्यांदा त्यांना वाटले, सुमनने आपल्याला किती दूरवर आणून उभे केले! ती शिकली म्हणून. आणि ती शिकली...

त्यांनी मागे पाहिले. खांबाआड तुलारामजी उभे होते. केशरबाईंनी पदर ओढला.

अशी आठ दिवसांची कसरतच होती ती. तुलारामजी डावीकडे गेले की केशरबाई उजवीकडे. वेरूळच्या कैलासासमोर दुपारचे ऊन तिरपे पडले होते आणि तुलारामजींची सावली नेमकी वाटेवर आडवी आली होती. केशरबाई वळसा घालून गेल्या आणि त्या वळशात हत्तीचे शिल्प पाहायचे राहून गेले. रात्री जेवताना गोदावरीबाईंनी विचारलेच, "काहून वो, तुमी सगळीकडं वाकड्याच चालून राहिल्या? पायात काटा भरला का?"

केशरबाईंनी त्यांना सगळे सांगितले. भिंतीशी बोलणे, नवऱ्याचे जाणे, सायकल, जावेचे ते उत्तर आणि भिलाई. गोदावरीबाईंनी ताट बाजूला सारले. मग त्या उठू लागल्या.

"एवढंच ना? आत्ता सांगतो मी त्यायले. ओ तुलाराम भाऊ..."

केशरबाईंनी त्यांचे मनगट धरून खाली बसवले. "नाई जी! दुसऱ्याच्या तोंडून धाडाचं असतं तं जावेनंच नेलं असतं."

"मंग तुमी बोला."

"काय म्हनून हाक मारू? इतकी वर्षं झाली, मी त्यायले कोण म्हनतो तेच मले मालूम नाई."

ही अडचण गोदावरीबाईंनाही सोडवता येईना. त्यांच्या आयुष्यात हाक मारायला शब्द सापडला नाही असे कधी झालेच नव्हते.

देवगिरीला तर भलताच प्रसंग ओढवला. गडावर जाण्याच्या वाटेत खडकात खोदलेला काळोखा बोगदा आहे. त्याला अंधारी म्हणतात. वासुदेवरावांनी सर्वांना रांगेत उभे केले. पुढे मशालवाला, आणि प्रत्येकाने पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा. "साखळी तुटता कामा नये," ते म्हणाले. "शत्रूसैन्य येथेच फसत असे." केशरबाईंपुढे गोदावरीबाई होत्या आणि गोदावरीबाईंपुढे तुलारामजी. मधे एक माणूस आहे म्हणून केशरबाई निश्चिंत होत्या. पण भर काळोखात गोदावरीबाईंची चप्पल निसटली आणि ती शोधायला त्या बाजूला वाकल्या. साखळी पुढे सरकली. केशरबाईंनी हात पुढे केला तो एका जाड घोंगडीवर पडला, आणि घोंगडी खाकरली.

ते खाकरणे त्यांना झोपेतही ओळखू आले असते. विस्तव लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला आणि त्या जागच्या जागी थिजल्या. त्या थांबल्या म्हणून मागची अर्धी सहल थांबली. मशाल वळणाआड गेली. वर वटवाघळे फडफडली. कोणी रामनाम घेऊ लागले, कोणी मशालवाल्याच्या नावाने ओरडू लागले. "म्होरं जा" असे म्हणत लोक केशरबाईंना मागून ढकलत होते, आणि पुढे तर भासरे.

तेवढ्यात अगदी जवळून, पण दुसरीकडे तोंड करून बोलल्यासारखा, आवाज आला. "अरे दगडा, मांगच्या मानसायले सांग, पाय हालवू नोका म्हना. वाट उतरती आहे. मी इतंच उभा आहो. मशाल वापस येऊन राहिली."

केशरबाईंनी पदर दातांत धरला, आणि मग त्याही दगडालाच म्हणाल्या, "दगडा, आमी उभ्या आहो म्हनावं."

मशाल परत आली तेव्हा तुलारामजी खडकाकडे तोंड करून उभे होते. बाहेर उजेडात आल्यावर वासुदेवरावांनी साखळी कोणी तोडली याची चौकशी आरंभली. "सहाशे वर्षांपूर्वी आपण असतो, तर एव्हाना आपली अर्धी फौज कापली गेली असती!" केशरबाईंचे त्याकडे लक्षच नव्हते. त्या अंगावर घ्यायला पाणी शोधत होत्या.

"अवो, गडावर प्यायाले पानी नाई," गोदावरीबाई म्हणाल्या, "तुमाले आंघोळ कुठून आनू? माही चप्पल गेली तिचं कोनी नाव घेऊन नाई राहिलं!"

शेवटी सुरईतले ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडून केशरबाईंनी ते प्रकरण मिटवले. पण मनातले काही मिटले नाही. काळोखात तुलारामजी पुढे जाऊ शकले असते. ते थांबले होते. इतकी वर्षे ते असेच, दुसरीकडे तोंड करून, वाट अडेल तिथे थांबत आले होते. तुळजापूरला देवीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा केशरबाईंनी धान मागितले नाही की आरोग्य मागितले नाही. त्या म्हणाल्या, "माय, एकदा तोंड उघडू दे." आणि मग विजापूर हे शेवटचे ठिकाण उरले.

गोल घुमटाजवळ बस सकाळी लवकरच पोचली, कारण गर्दी झाली की त्या वास्तूचे मर्म कळत नाही, असे वासुदेवरावांचे मत होते. बुरुजातल्या अरुंद जिन्याने मंडळी धापा टाकत वर चढली. कृष्णराव दोनदा बसले. वर घुमटाच्या आत, सभोवार फिरणारा गोल सज्जा आहे. खाली पाहिले की कबरी अंगठ्याएवढ्या दिसतात, आणि समोरच्या बाजूची माणसे इतकी दूर की चेहरे ओळखू येऊ नयेत. कोणी तरी टाळी वाजवली. घुमटाने ती पुन्हा पुन्हा परत केली. मंडळी घाबरून हसली, आणि घुमटही हसला.

वासुदेवरावांनी शिटी तोंडाकडे नेली आणि विचार करून परत खाली सोडली. ते हळू आवाजात म्हणाले, "मंडळी, या भिंतीला ओठ लावून कुजबुजले, तर थेट समोर भिंतीला कान लावणाऱ्याला ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात. मधल्या कोणालाही नाही. स्त्रिया येथे थांबतील. पुरुष पलीकडे जातील. एकेकाने यायचे. गडबड केलीत तर केवळ गोंगाट ऐकू येईल."

पुरुष सज्ज्यावरून वळून पलीकडे गेले. पहिला मान गोदावरीबाईंनी घेतला. त्यांनी भिंतीला तोंड लावले, पलीकडे कृष्णरावांनी कान लावला, आणि क्षणात ते दचकून भिंतीपासून दूर झाले.

"काय म्हनलं वो तुमी?" बायकांनी विचारले.

"म्हनलं, गुळाचे लाडू कोनत्या पिशवीत लपवले ते सांगा, नाई तं इतूनच घरी जातो."

मग एकामागून एक बायका गेल्या. कोणी नवऱ्याला, कोणी भावाला काही सांगितले. समोरून माना हलत, हात हलत. केशरबाई रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. त्यांचे कोणी पलीकडे नव्हते. आपला क्रम येताच त्या बाजूला होऊ लागल्या, तेव्हा समोर, दूर, खांद्यावर घोंगडी असलेला एक माणूस भिंतीजवळ आला आणि त्याने भिंतीला कान लावला. चेहरा दिसत नव्हता. पाठ त्यांच्याकडेच होती.

गोदावरीबाईंनी केशरबाईंच्या पाठीवर हात ठेवला. "भिंतच होय बाई," त्या म्हणाल्या. "तुमी जन्मभर भिंतीशीच बोलत आल्या."

केशरबाईंनी भिंतीला कपाळ टेकवले. दगड थंड होता. काय हाक मारायची हा प्रश्न तेव्हाही होता, आणि मग त्यांना कळले की घरात सुमन तुलारामजींना लहानपणापासून एक हाक मारत आली होती. त्यांनी तीच उचलली.

"सुमनचे मोठे बाबूजी," त्या म्हणाल्या. "मी केशर बोलतो. तुमी मले इचारलं होतं, मले काय पायजे म्हनून. त्या वक्ताले कोनी इचारत नोतं. तुमी इचारलं. माही पोर तुमी मानसात आनली. हे मले सांगाचं होतं. लय वर्षं झाली."

इतके बोलून त्यांनी कान भिंतीला लावला. त्यांना वाटले, रीत मोडली. आता ते खाकरून निघून जातील. मग दगडातून आवाज आला, इतका जवळून, की जणू तो त्यांच्या पदराच्या आतूनच बोलत होता.

"सुमनच्या माय, मले वाचता येत नोतं. चंद्रभागेलेबी हे मालूम नोतं. पेपर मी नुसता धरून बसो. त्या पुलावरून जाता-येता, शहरातल्या पाट्या दाखवू दाखवू, पोरीनं मले अक्षर शिकवलं. सायकल मी चालवली, पन शाळेत मीबी जाऊन राहिलो होतो. आता कोनाचे उपकार कोनावर, ते तुमीच सांगा."

तोच आवाज पुन्हा आला. "आन चंद्रभागेचं वर्षभर तुमी केलं. लेकीनं केलं नसतं इतकं. तेबी मले सांगाचं होतं. बैलाले सांगून पायलं मी. त्याले नाई समजलं."

केशरबाईंना हसू आले आणि त्याच वेळी हुंदका. तो हुंदका तोंडावर पदर दाबूनही निसटला. घुमटाने तो घेतला आणि एकदा, दोनदा, कितीदा तरी परत केला, इतका की तो कोणाचा हे कोणालाच कळेना. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पलीकडे कोणीतरी खाकरले. घुमटाने तेही परत केले.

"पुढचे कोण?" वासुदेवरावांनी हलक्या आवाजात विचारले. कोणी पुढे आले नाही. त्या वेळी त्यांनी घड्याळ पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर, दोन दिवसांच्या प्रवासात, दोघे पूर्वीसारखेच वागले. ते मागे, या पुढे. वासुदेवरावांच्या प्रथेप्रमाणे शेवटच्या दिवशी प्रत्येकाने उभे राहून सहलीत काय आवडले ते सांगायचे होते. कोणी कैलास म्हटले, कोणी भवानीची मूर्ती, कृष्णरावांनी दोन शब्दांत "भात मिळाला" असे सांगितले. केशरबाई उभ्या राहिल्या. मागे भासरे बसलेले आहेत हे ठाऊक असूनही त्या सर्वांदेखत, मोकळ्या आवाजात बोलल्या. "गुरुजी, तुमी आमाले भिंती दाखवल्या, गडबी दाखवला. चांगलं झालं बापा. तुमचं बरं होवो." वासुदेवरावांनी आयुष्यात पुष्कळ प्रशस्तिपत्रे स्वीकारली होती; ते ऐकून त्यांनी कर्णा मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून पुसला.

माघात तुलारामजी भिलाईला निघाले. शेवटच्या जेवणाला ते स्वयंपाकघरात पाटावर बसले. केशरबाईंनी भाताचे पातेले आणले. मधे ना भिंत होती, ना बैल.

"वाढू?" त्यांनी विचारले.

"वाढा. भातावर वरन जरा पातळ घाला, दात गेले माहे."

"दात कवा गेले? मले मालूम नाई."

"कसं मालूम होईन? तुमी कवा पायलं?"

त्या घरातले ते पहिले बोलणे. पुढे ते थांबले नाही. तुलारामजी दर हिवाळ्यात पंधरा दिवस साकोलीला पुतणीकडे येत, आणि तेव्हा असे उघडकीस आले की ते अत्यंत बोलके गृहस्थ आहेत. भिलाईचे धुराडे, सुनेचा स्वयंपाक, रेल्वेतली भांडणे, नागझिऱ्याच्या वाटेवर दिसलेले अस्वल, यांतले काहीही ते थोडक्यात सांगू शकत नसत. अंगणात बाज घालून ते बसत, आणि केशरबाई समोरच्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसत. पदर डोक्यावर असे, पण चेहऱ्यावर नसे. त्याही आता कमी बोलत नव्हत्या.

एकदा दिवेलागणीला सुमन आतून ओरडली, "आई, मोठे बाबूजी, आता बंद करा बापा दोघंबी! मले परीक्षेचे पेपर तपासाचे आहेत."

"पाय वो," तुलारामजी केशरबाईंना म्हणाले, "शिकवली तुमची पोर, न आता आपल्यालेच चूप बसवून राहिली."

"आमची काहून?" केशरबाई म्हणाल्या. "सायकलवर तुमी बसवली होती. सांगा अस्वलाचं, म्होरं काय झालं?"